घरातील गेम कन्सोल वाय-फायला जोडताना: सांगलीच्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स घरी आला की पहिल्याच संध्याकाळी तो इंटरनेटला जोडावा लागतो. डिस्क घातली आणि खेळ सुरू झाला, असे आता क्वचितच घडते. आधी सिस्टिम सॉफ्टवेअरचे अपडेट, मग खेळाचे अपडेट, आणि डिस्कची सोय नसलेले मॉडेल घेतले असेल तर अख्खा खेळच डाउनलोड करावा लागतो. पासवर्ड टाकून कन्सोल वाय-फायला जोडणे हे पाच मिनिटांचे काम आहे. जोडलेला कन्सोल सामना ऐन रंगात असताना तुटू नये, हे मात्र घराच्या भिंती, राउटरची जागा आणि कनेक्शनचा प्रकार यांवर ठरते. गावभागातील जुने वाडे, विश्रामबागेतील फ्लॅट आणि मळ्यातील वस्त्या यांत या तिन्ही गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत की सगळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही. म्हणून या लेखात मेनूतील पायऱ्यांपेक्षा अधिक जागा मी सिग्नलच्या मोजणीला आणि राउटरच्या जागेला दिली आहे.

आपल्या कन्सोलला कोणते वाय-फाय चालते

घरगुती राउटर साधारणपणे २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर वाय-फाय देतो. २.४ च्या लहरी लांबवर जातात आणि भिंतीतून तुलनेने बऱ्या पार होतात, पण शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची गर्दीही त्याच पट्ट्यात असते. ५ गिगाहर्ट्झवर वेग चांगला मिळतो आणि गर्दी कमी असते, मात्र एखादी जाड भिंत मध्ये आली की सिग्नल झपाट्याने उतरतो. राउटरच्या नावापुढे ‘५जी’ असे लिहिलेले असते ते या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यासाठी. मोबाइलच्या ५जी सेवेशी त्याचा काहीही संबंध नाही.

प्लेस्टेशन ५ दोन्ही पट्टे ओळखते आणि त्याला वाय-फाय ६ चालते. एक्सबॉक्स सिरीज एस आणि सिरीज एक्स यांनाही दोन्ही पट्टे चालतात, फक्त त्यांचे वाय-फाय एक पिढी मागचे आहे. खरी सावधगिरी प्लेस्टेशन ४ जुने विकत घेणाऱ्यांनी बाळगावी. २०१३ मध्ये आलेल्या मूळ जाड मॉडेलला केवळ २.४ गिगाहर्ट्झ चालते. ५ गिगाहर्ट्झची सोय २०१६ च्या स्लिम आणि प्रो या मॉडेलांपासून आली. यंत्रावरील स्टिकरवर मॉडेल क्रमांक ‘सीयूएच-१०’, ‘सीयूएच-११’ किंवा ‘सीयूएच-१२’ असा सुरू होत असेल, तर तो कन्सोल फक्त २.४ चा आहे असे समजावे आणि ५ गिगाहर्ट्झचे नाव यादीत का दिसत नाही याच्या शोधात वेळ घालवू नये. निन्टेन्डो स्विच आपल्याकडे अधिकृतपणे विकला जात नसला तरी परदेशातील नातेवाइकांमार्फत तो अनेक घरांत येतो, आणि त्याला दोन्ही पट्टे चालतात.

राउटरची सुरक्षा पद्धत केवळ ‘डब्ल्यूपीए३’ वर ठेवली असेल, तर प्लेस्टेशन ४ सारखे जुने कन्सोल पासवर्ड बरोबर असूनही जोडले जात नाहीत. अशा वेळी राउटरमध्ये ‘डब्ल्यूपीए२’ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडावा. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड इंग्रजी अक्षरांत व अंकांतच ठेवणे सोयीचे, कारण कन्सोलच्या पडद्यावरील कीबोर्डवर देवनागरी टाइप करण्याची सोय सहसा नसते.

आधी मोजणी, मग पासवर्ड

माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की कन्सोल खोक्यातून काढण्यापूर्वी तो जिथे बसणार आहे त्या जागेवरचा सिग्नल मोजावा. अँड्रॉइड फोनवर वाय-फायची ताकद दाखवणारी अनेक मोफत ॲप आहेत. ती डीबीएम या एककात उणे आकडा दाखवतात, आणि हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत ऑनलाइन खेळाला पुरेसा, उणे ७५ च्या पलीकडे मात्र कन्सोल जोडला जाईल पण टिकणार नाही. मोजताना फोन हातात उंच धरू नये. कन्सोलच्या जागीच, टीव्हीच्या कपाटात ठेवायचा असेल तर कपाटातच, दार लावून ठेवावा आणि आकडा मिनिटभर पाहावा. खोलीच्या मध्यभागी उभे राहून घेतलेला आकडा कपाटातील कन्सोलच्या उपयोगाचा नाही. दोन्ही पट्ट्यांचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवावेत.

गावभागातील माझ्या मावशीच्या घरी या मोजणीचा उपयोग चांगला दिसला. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावर पाणी आल्यानंतर तिने इन्व्हर्टर, फायबरची पेटी आणि राउटर हे सगळे माडीवर हलवले, आणि कृष्णाकाठच्या घरात ते योग्यच होते. टीव्ही आणि भावंडांचे प्लेस्टेशन मात्र खाली सोप्यात राहिले. राउटरशेजारी फोनवर उणे ४२ दिसत होते, जिन्याच्या वरच्या तोंडाशी उणे ५८, आणि सोप्यातील कोनाड्यात, दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतीपलीकडे, उणे ७९. कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये कितीही फेरफार केले असते तरी त्या भिंतीपुढे त्यांचा उपयोग झाला नसता. फायबरची पेटी होती तिथेच ठेवून तिच्यापासून एक लॅन केबल जिन्यापर्यंत नेली आणि राउटर जिन्याच्या वरच्या तोंडाशी भिंतीवर बसवला, म्हणजे लहरींना भिंत भेदावी न लागता जिन्याच्या पोकळीतून खाली उतरता येते. त्यानंतर त्याच कोनाड्यात उणे ६४ मिळू लागले. पुरापासूनची सुरक्षितता कायम राहिली आणि खर्च झाला तो केवळ केबलचा.

राउटरची जागा निवडताना लहरींच्या वाटेत काय येते याचा विचार करावा. दगडी भिंत, लोखंडी सळ्यांचा स्लॅब, मोठा आरसा, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि पत्र्याचे छत यांच्यामागे सिग्नल कमी होतो. लाकडी दार किंवा पातळ पार्टिशन यांचा फारसा अडथळा होत नाही. राउटर शक्यतो उंचावर, उघड्यावर आणि घराच्या मध्याकडे असावा. नेटवाला येतो तेव्हा बहुतेक वेळा खिडकीतून तार आत घेऊन तिथेच पेटी ठोकून जातो. त्याला पेटी कुठे हवी हे आधी सांगितले तर तार थोडी अधिक आत आणण्यास तो सहसा नकार देत नाही. फायबरची तार स्वतः ओढू किंवा दुमडू नये, कारण आतील काच तीक्ष्ण वळणावर मोडते किंवा प्रकाश गळू लागतो.

मेनूतील पायऱ्या

प्लेस्टेशन ५ वर होम स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातील दातेरी चाकाचे चिन्ह निवडावे. ‘सेटिंग्ज’ उघडल्यावर ‘नेटवर्क’, मग डावीकडील यादीतून ‘सेटिंग्ज’ आणि त्यात ‘सेट अप इंटरनेट कनेक्शन’ असा मार्ग आहे. आजूबाजूच्या वाय-फायची यादी दिसेल. आपले नाव निवडून पासवर्ड टाकावा. इंग्रजी लहान आणि मोठ्या अक्षरांत फरक धरला जातो, त्यामुळे अक्षरे दिसतील असा पर्याय सुरू ठेवून सावकाश टाइप करावे. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले असेल, तर जोडलेल्या नावावर असताना कंट्रोलरवरील ‘ऑप्शन्स’ बटण दाबून कोणता पट्टा वापरायचा ते ठरवता येते. मोजणीत ५ गिगाहर्ट्झचा आकडा उणे ६७ च्या आत असेल तर तोच निवडावा, अन्यथा २.४ वर समाधान मानावे.

प्लेस्टेशन ४ वर ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क’, ‘सेट अप इंटरनेट कनेक्शन’, ‘यूज वाय-फाय’ असे जाऊन ‘ईझी’ निवडले की पुरते. ‘कस्टम’ची गरज पुढे सांगितलेल्या एखाद्या अडचणीतच पडते. ‘एनडब्ल्यू-३१२९७-२’ हा एरर क्रमांक आला, तर बहुधा पासवर्ड चुकलेला असतो.

एक्सबॉक्सवर कंट्रोलरमधील गोल बटण दाबून ‘प्रोफाइल अँड सिस्टिम’, ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘नेटवर्क सेटिंग्ज’ आणि ‘सेट अप वायरलेस नेटवर्क’ असा क्रम आहे. स्विचवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘इंटरनेट’ या भागात हेच काम होते.

चाचणीचा निकाल कसा वाचावा

कन्सोल जोडला गेल्यावर प्लेस्टेशनवर ‘टेस्ट इंटरनेट कनेक्शन’ अवश्य चालवावे. बहुतेक जण त्यातील डाउनलोडचा आकडा पाहून मेनू बंद करतात, पण ही चाचणी टप्प्याटप्प्याने होते, आणि ती कोणत्या टप्प्यावर अडखळते यावरून दोष नेमका कुठे आहे ते कळते.

पहिला टप्पा आयपी ॲड्रेस, म्हणजे राउटरने यंत्राला दिलेला नेटवर्कवरचा पत्ता, मिळण्याचा. तो फसला तर दोष घरातच, म्हणजे कन्सोल आणि राउटर यांच्यामध्ये आहे. सिग्नल फार क्षीण आहे, पासवर्ड चुकला आहे, किंवा राउटरमध्ये ठरावीक यंत्रांनाच परवानगी देणारी मॅक ॲड्रेसची (प्रत्येक यंत्राच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाची) यादी कोणीतरी लावून ठेवली आहे, यांपैकी एक कारण निघते. एक्सबॉक्सवर ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मधील ‘ऑल्टरनेट मॅक ॲड्रेस’ पुसून कन्सोल पुन्हा सुरू केल्यानेही ही अडचण अनेकदा सुटते.

आयपी मिळाला पण इंटरनेट मिळाले नाही, तर घराबाहेरील लाइन तपासावी. फोनवरचा मोबाइल डेटा बंद करून त्याच वाय-फायवर एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. मोबाइल डेटा चालू ठेवून ‘नेट चालतंय की’ असे म्हणणे ही सर्रास होणारी फसगत आहे. फोनवरही काही उघडत नसेल तर रिचार्ज संपला असेल किंवा लाइन तुटली असेल. नुकताच राउटर बदलला असेल, तर स्थानिक नेटवाल्याला तसे कळवावे, कारण काही ठिकाणी कनेक्शन जुन्या राउटरच्या मॅक ॲड्रेसला बांधलेले असते आणि ते त्यांच्याकडूनच मोकळे करून घ्यावे लागते. फोन चालतो आणि कन्सोलच अडतो असे झाले, तर ‘कस्टम’ मार्गाने जाऊन डीएनएसच्या (नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी ८.८.८.८ आणि ८.८.४.४ किंवा १.१.१.१ आणि १.०.०.१ हे पत्ते टाकून पाहावेत. डीएनएस बदलल्याने नावांचा शोध सुधारतो. त्यामुळे खेळातील पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन-येऊन लागणारा वेळ, कमी होते ही समजूत चुकीची आहे.

इंटरनेट आहे पण प्लेस्टेशन नेटवर्कवर साइन-इन होत नाही, तर एक तर कंपनीची सेवा त्या वेळी बंद असते किंवा खात्यात अडचण असते. बरेच दिवस बंद ठेवलेल्या जुन्या प्लेस्टेशन ४ वर तारीख आणि वेळ चुकलेली नाही ना, हेही पाहावे.

वेगाच्या आकड्यांबाबत एक हिशेब लक्षात ठेवावा. योजना ४० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिटची, असेल तर (८ बिटांचा एक बाइट म्हणून) ८ ने भागून सेकंदाला ५ मेगाबाइट उतरतात, म्हणजे ६० गिगाबाइटचा खेळ उतरायला सर्व काही सुरळीत असतानाही सुमारे ३ तास २० मिनिटे लागतात. नवा खेळ आणला त्या दिवशी मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.

नॅटचा प्रश्न

चाचणीच्या शेवटी ‘नॅट टाइप’ दिसतो. नॅट म्हणजे अनेक यंत्रांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यावरून इंटरनेटवर नेण्याची पद्धत. प्लेस्टेशनवर १, २ आणि ३ असे प्रकार आहेत. राउटरमागे असलेल्या घरगुती कन्सोलला २ मिळणे ही योग्य स्थिती आहे. एक्सबॉक्सवर ‘ओपन’, ‘मॉडरेट’ आणि ‘स्ट्रिक्ट’ असे शब्द येतात. प्रकार ३ किंवा ‘स्ट्रिक्ट’ आला तर डाउनलोड व्यवस्थित होते, पण मित्राशी आवाजात बोलता येत नाही, त्याच्या गटात शिरता येत नाही, सामना जुळायला वेळ लागतो.

याचे पहिले कारण म्हणजे घरात एकामागे एक दोन राउटर असणे. फायबरची पेटी स्वतःच राउटरचे काम करत असते आणि आपण तिच्यामागे आपला राउटर लावतो. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ (केवळ वाय-फाय पुरवण्याच्या) मोडमध्ये टाकला की हा पेच सुटतो. त्याबरोबर मुख्य राउटरमध्ये ‘यूपीएनपी’ सुरू आहे याची खात्री करावी. कन्सोल त्यातून स्वतःला लागणारे पोर्ट (बाहेरचे संदेश आत येण्याचे क्रमांकित मार्ग) स्वतः उघडून घेतो.

दुसरे कारण आपल्या हाताबाहेरचे आहे. अनेक सेवादाते एकच सार्वजनिक आयपी पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटून देतात. राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, पाहावा: तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काहीने किंवा १० ने सुरू होत असेल, तर आपण अशा वाटपात आहोत. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट उघडत बसण्यात अर्थ नाही. नेटवाल्याकडे सार्वजनिक किंवा स्टॅटिक आयपी मागावा. त्याला वेगळे शुल्क पडते, म्हणून आधी आवडीचे खेळ तसेच नीट चालतात का ते पाहून मगच तो खर्च करावा.

वस्तीवर आणि वसतिगृहात

तासगाव, पलूस किंवा वाळव्याकडच्या मळ्यातील वस्तीवर फायबर पोहोचलेले नसेल, तर मोबाइल सिमवर चालणारा राउटर किंवा फोनचा हॉटस्पॉट हाच मार्ग उरतो. सिमचा राउटर टीव्हीजवळ न ठेवता टॉवरच्या दिशेच्या खिडकीत, उंचावर ठेवावा. टॉवरपासून येणारा सिग्नल चांगला मिळाला तरच पुढचे वाय-फाय उपयोगी पडते. जुन्या प्लेस्टेशन ४ ला फोनचा हॉटस्पॉट दिसत नसेल, तर फोनच्या हॉटस्पॉट सेटिंग्जमध्ये पट्टा २.४ गिगाहर्ट्झ करावा. प्रत्यक्ष ऑनलाइन खेळायला डेटा फार लागत नाही, पण एखादे अपडेट दिवसभराचा कोटा गिळून टाकते. म्हणून आपोआप होणारी अपडेट बंद ठेवावीत आणि मोठी डाउनलोड शहरातील नातेवाइकांकडे कन्सोल नेऊन उरकावीत.

वसतिगृहात वाय-फायला जोडल्यानंतर ब्राउझरमध्ये नाव आणि पासवर्ड मागणारे पान येते, आणि कन्सोलवर ते पान नीट उघडतेच असे नाही. कन्सोलचा मॅक ॲड्रेस सेटिंग्जमधील सिस्टिमच्या माहितीत मिळतो. तो व्यवस्थापकाला देऊन नोंदवून घेण्याची रीतसर परवानगी मागावी.

वीज आणि वळीव

वीज गेल्यावर टीव्ही आणि कन्सोल इन्व्हर्टरवर चालतात पण नेट बंद पडते, असे ज्या घरांत होते तिथे राउटर आणि फायबरची पेटी इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतात. वायरिंग बदलणे शक्य नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घ्यावा. मात्र अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच, कारण बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असले तरी सगळे नसतात. वीज परत आल्यावर आधी फायबरची पेटी, दोन-तीन मिनिटांनी राउटर आणि शेवटी कन्सोल असा क्रम ठेवावा. वारंवार वीज जाणाऱ्या भागात कन्सोल ‘रेस्ट मोड’मध्ये ठेवू नये, पूर्ण बंद करावा.

एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की कन्सोल आणि राउटरचे प्लग काढावेत. फायबरच्या काचेतून विजेचा झटका येत नाही, पण खांबावरून तांब्याची लॅन केबल थेट घरात आली असेल तर ती राउटरमधूनही काढावी, कारण विजेचा झटका तिच्यावाटे राउटरपर्यंत, आणि कन्सोलही केबलने जोडलेला असेल तर त्याच्यापर्यंत, पोहोचू शकतो.

सगळे करूनही तुटत असेल तर

२.४ गिगाहर्ट्झवर असाल तर राउटरचा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळ्या चॅनलवर आणावा. फ्लॅटमध्ये याचा फरक लगेच जाणवतो. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले असतात आणि रडारची चाहूल लागताच राउटर चॅनल सोडतो, म्हणून ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ निवडावा. कन्सोलला यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क लावली असेल तर तीही तपासावी. अशा डिस्क आणि त्यांच्या केबल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. डिस्क कन्सोलच्या अंगावर न ठेवता केबलच्या लांबीइतकी दूर सरकवून पाहावी.

आणि केबल ओढता येत असेल तर ती ओढावीच. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांना लॅनचा पोर्ट आहे. स्विचच्या ओएलईडी मॉडेलच्या डॉकमध्ये तो आहे, मूळ मॉडेलला यूएसबी अडॅप्टर लागतो. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते, आणि भिंतीच्या कडेने पट्टीतून नेली तर दिसतही नाही. कन्सोलपर्यंत नेणे जमत नसेल तर त्या खोलीपर्यंत नेऊन घरात पडून असलेला जुना राउटर तिथे ॲक्सेस पॉइंट म्हणून लावावा. दुकानात मिळणारा रिपीटर त्यापेक्षा कमी प्रतीचा उपाय आहे, कारण बहुतेक स्वस्त रिपीटर ज्या पट्ट्यावर ऐकतात त्यावरच बोलतात आणि वेग जवळपास निम्मा करतात.

केबल लावूनही पिंग ठरावीक आकड्याखाली जात नसेल, तर खेळाचा सर्व्हर कुठे आहे ते पाहावे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणून जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद केवळ प्रवासातच जातात आणि समुद्राखालील केबलचा मार्ग सरळ नसल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. खेळाच्या सेटिंग्जमध्ये मुंबईचा सर्व्हर निवडण्याची सोय असेल तर तो निवडावा.